साठी न पाहिलेल्या घरातली पेन्शन

अर्जाला एकशेवीस दिवसांची मुदत होती आणि पुंडलिक घरतनं त्यातले एकशेएकोणीस दिवस अर्ज कपाटात ठेवून काढले होते. तो विसरला होता असं नाही. रोज बँकेत जाताना तो कपाट उघडायचा, अर्ज जागेवर आहे याची खात्री करायचा आणि कपाट बंद करायचा. बँकेच्या पेण शाखेत दफ्तरी म्हणून बत्तीस वर्षं त्यानं लोकांचे कागद असेच सांभाळले होते. त्यामुळे आपण या बाबतीत काहीतरी करतो आहोत, असं त्याला रोज सकाळी पाच मिनिटं वाटायचं.

शेवटी शहाण्णवच्या जानेवारीतला तो रविवार उजाडला. सोमवारी संध्याकाळी पाचला मुदत संपत होती.

अर्जावर दोन चौकोन होते. पहिल्यात खूण केली तर निवृत्तीनंतर मरेपर्यंत दरमहा पेन्शन, पण प्रॉव्हिडंट फंडात बँकेनं भरलेला हिस्सा व्याजासकट बँकेला परत. दुसऱ्यात केली तर पेन्शनचं नाव काढायचं नाही, तो हिस्सा एकरकमी हातात. एकदा केलेली खूण बदलता येणार नाही, हे वाक्य अर्जात तीन ठिकाणी ठळक टाईपात होतं. पुंडलिकला इंग्रजी बेताचंच यायचं, पण ठळक टाईप कळायचा.

शाखेत यावरून दोन तट पडले होते आणि दोन्ही तट एकाच किटलीतला चहा पिताना एकमेकांना वेडे ठरवत होते. शिपाई नाथानं मात्र पहिल्याच दिवशी पेन्शनवर खूण करून अर्ज देऊन टाकला. का रे बाबा, म्हणून विचारलं तर म्हणाला, "मला हिशेब येत नाय." पुंडलिकला त्याचा फार हेवा वाटला.

घरतांच्या घरात पैसा पूर्वीपासून एकरकमीच आलेला. पुंडलिकच्या बापापर्यंत सगळे मिठागरावर राबले. पावसाच्या तोंडावर मिठाची रास विकली जायची, मालकाचा वाटा वजा जाता जे हातात पडेल त्यात वर्ष काढायचं. महिन्याच्या महिन्याला पैसे येतात ही बातमी या घरात पुंडलिकच्या नोकरीनं आणली, आणि ती अजून कोणाला पुरती खरी वाटली नव्हती. पगार मोजताना खुद्द पुंडलिकलाही वाटायचं, की कोणीतरी चुकून देतंय आणि एक दिवस परत मागायला येणार.

सकाळच्या एसटीनं रोह्याजवळच्या वरशाहून धाकटा मुलगा हरेश आणि त्याची बायको भूमिका आली. हरेश धाटावच्या एका केमिकल कंपनीत होता आणि त्याला रात्रपाळी होती. म्हणून चारची एसटी पकडायची होती, आणि म्हणून घराण्याचं भवितव्य साडेतीनपर्यंत ठरणं भाग होतं.

थोरला धनेश आणि त्याची बायको अनिता पेणच्या घरातच राहायची. धनेश भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या नखांत रंग होता. पेणमधल्या एका गणपती कारखान्यात तो मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायचा, आणि त्याचा हात चांगला आहे हे कारखान्याचा मालक सगळ्यांना सांगायचा, पगारवाढीची वेळ सोडून. बायका मधोमध परात घेऊन मोड आलेले वाल सोलत होत्या. पुंडलिकची बायको चंद्रावती, अनिता, आणि पुंडलिकची मोठी बहीण सरू.

सरूचं इथं असणंही एका हिशेबातून आलेलं होतं. तिचा नवरा रोह्याकडे नोकरीत असतानाच गेला. जी रक्कम मिळाली ती दोन मुलांनी अर्धी अर्धी घेतली, आणि आईही तशीच. एक ते पंधरा तारीख थोरल्याकडे, सोळा ते तीस धाकट्याकडे. एकतिसाव्या दिवसाबद्दल दोन्ही घरांत एकमत होत नसल्यामुळे तो ती भावाकडे काढायची. या महिन्यात मात्र ती तीन दिवस आधीच पिशवी घेऊन आली होती. का, ते तिनं सांगितलं नव्हतं आणि कोणी विचारलं नव्हतं.

भूमिकानं पर्समधून वही आणि पेन्सिल काढली. ती बी.कॉम. होती आणि पोस्टाच्या बचतीची व पीपीएफची एजंट होती. वरशातल्या निम्म्या आळीला तिनं बचत करायला लावली होती. उरलेली निम्मी आळी तिला येताना पाहून कडी लावून घ्यायची.

"बाबा, बँकेचा हिस्सा तुम्ही रिटायर व्हाल तेव्हा व्याजासकट एक लाख बत्तीस हजार होतो," ती म्हणाली. "तो पीपीएफमध्ये टाकायचा. बारा टक्के. आणि करमुक्त."

करमुक्त या शब्दानं खोलीत एक प्रकारची प्रसन्नता पसरली. घरतांच्या चार पिढ्यांत कोणावर आयकर बसावा एवढी कमाई झाली नव्हती. अपवाद एकट्या हरेशचा. ओव्हरटाइमच्या नादात मागच्या वर्षी कंपनीनं त्याचे तीनशे ऐंशी रुपये कापले होते, आणि तेव्हापासून तो सरकारबद्दल घरच्या माणसासारखा नाराजीनं बोलायचा. पण न बसलेला कर चुकवण्यातही सुख असतं.

"फक्त एक हाय," भूमिका म्हणाली. "एका खात्यात वर्षाला साठ हजारच भरता येतात. म्हणून तीन खाती काढायची. एक तुमचं, एक धनेशभावजींचं, एक ह्यांचं. पंधरा वर्षं."

"पंधरा वर्षांनी मी किती वर्षांचा?" पुंडलिकनं विचारलं.

"पंच्याहत्तर."

सरूच्या हातातला वाल हातातच राहिला. "पंच्याहत्तर," ती म्हणाली. "आपला बाबा त्रेपन्नाला गेला. काका एकावन्नला. आपला भाऊ काळुराम अठ्ठावन्न पुरी व्हायला महिना होता तेव्हा गेला. आपल्यात साठी कोणी बघितलीय?"

कोणी बघितली नव्हती. पुंडलिकला सत्तावन्न वर्षं आणि साडेसात महिने झाले होते. हे त्याला सरूच्या आठवणीशिवायही ठाऊक होतं. कपाट उघडताना ज्याची भीती वाटायची ते हेच होतं. आपण कोणत्या चौकोनात खूण करतो, यावरून आपण किती जगणार हे आपणच लिहून दिल्यासारखं होईल, असं त्याला वाटायचं.

"तेच सांगतोय मी," धनेश म्हणाला. "पेन्शन म्हणजे जगण्यावर लावलेला पैसा. जगला तर मिळाला."

"असं काय बोलतोस, दादा," हरेश म्हणाला. "आता औषधं सुधारलीत. बाबा अडुसष्टपर्यंत आरामात जातील."

"पासष्ट धर."

"पासष्ट का?"

"हिशेबाला धर म्हणतोय. माझी काय घाई हाय?"

पुंडलिक आळीपाळीनं दोघांकडे बघत राहिला. धाकट्यानं तीन वर्षं जास्त दिली याचं त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

"पेन्शन सोळाशेच्या आसपास बसेल," भूमिका वहीत भागाकार करत म्हणाली. "म्हणजे ब्याऐंशी महिने. सदुसष्टाच्या आत जर..." ती थांबली. शिकलेली मुलगी होती. "म्हणजे, सदुसष्टापर्यंत फंडच बरा पडतो. व्याज धरलं तर आणखी पुढं जातं."

"किती पुढं?" पुंडलिकनं विचारलं. त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

"चहा ठेवते," अनिता म्हणाली, पण उठली नाही.

धनेश पुढं सरकून बसला. "बाबा, मी आज मागत नाय. तुम्ही रिटायर होईपर्यंत थांबतो. पण मग तरी मला शेड टाकू द्या. अकरा वर्षं मी दुसऱ्याच्या गणपतीला डोळे काढतोय. हात थरथरायला लागल्यावर कारखाना काढू काय?"

हे खरं होतं. पुंडलिकला त्यात खोट काढता येईना. मुलगा दारू पीत नव्हता, पत्ते खेळत नव्हता, फक्त स्वतःच्या छपराखाली माती कालवायची म्हणत होता. नाही म्हणायला बापाला काहीतरी वाईट कारण लागतं आणि धनेशनं ते कधी दिलं नव्हतं.

"आणि माझा वाटा मी वरशाच्या फ्लॅटला लावीन," हरेश म्हणाला. "आम्ही काय परके हाव? तुम्ही दोघं तिथं येऊन राहाल. गॅलरी हाय."

"देऊन टाक बाबा एकदाचे," सरू म्हणाली. "माझ्या पोरांनी कसे पैसे घेतले, मोकळी झाली. मला काय कमी हाय?"

सरूची पिशवी दाराशी खुंटीला होती. तिनं ती आल्यापासून रिकामी केली नव्हती.

पुंडलिकनं चष्मा पुसला. सगळ्या बाजूंनी फंडच येत होता, आणि तो आला की त्याची सुटका होती. त्यानं पेन हातात घेतलं.

"भूमिका," चंद्रावती म्हणाली. सकाळपासून ती प्रथमच बोलत होती. "ते पान तू उलटलंस नाय गो. मागं काय लिवलंय?"

"मागं नियम आहेत, आई."

"तेच वाच."

भूमिकानं पान उलटलं. ती आधी मनात वाचत गेली, आणि तिचा वेग कमी होत गेला. पुंडलिकनं अनेक माणसांना बँकेची नोटीस वाचताना पाहिलं होतं. चेहरा असाच होतो.

"कर्मचारी वारल्यावर," भूमिका मराठी करत म्हणाली, "त्याच्या बायकोला पेन्शन. ती जिवंत असेपर्यंत. निम्म्याहून थोडी कमी. आठशेच्या जवळपास जाईल. महागाई भत्ता वेगळा. आणि नोकरीत असतानाच वारला तर पहिली सात वर्षं जास्त."

प्रत्येक जण शेवटच्या वाक्यावर अडकला होता आणि अडकलेलं दिसू नये म्हणून धडपडत होता. पुंडलिकही. नोकरीची अजून जवळजवळ अडीच वर्षं बाकी होती.

"आणि फंड घेतला तर माझं काय?" चंद्रावतीनं विचारलं.

"फंडाचे पैसे खात्यात असतील ना, आई."

"कोणाच्या?"

भूमिकानं वहीकडे पाहिलं. आकडे होते तिथंच होते. "तिघांच्या," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "तुमचं नाव घ्यायचं राहिलं."

"राहू दे. मी तुला नाय बोलत."

"मला विचाराल तर पेन्शन घ्या," अनिता म्हणाली.

धनेशनं बायकोकडे पाहिलं. शेडचा नकाशा दोघांनी मिळून कॅलेंडरच्या मागं काढला होता. "तुला कोणी विचारलंय?"

"नाय विचारलं, म्हणून सांगते. आईंच्या हातात महिन्याला आठशे असले तर पंधरा दिवस इकडं, पंधरा दिवस तिकडं कोणी म्हणणार नाय. उलट ह्या जाऊबाई म्हणतील आमच्याकडं राहा आणि मी म्हणेन आमच्याकडं." तिची जीभ इथं अडखळली. "आत्या, तुमच्याबद्दल नाय बोलत."

"कळतंय गो मला," सरू म्हणाली. तिनं सोललेला वाल सालींत टाकला आणि साल परातीत.

"पण हे सगळं आई मागं राहील असं धरून चाललंय," हरेश म्हणाला. तो कोणाच्याच बाजूनं बोलत नव्हता, त्याला एसटी दिसत होती. "आईचं वय काय लिहिलंय?"

तो रकाना कोरा होता. चंद्रावतीची जन्मतारीख कोणालाच माहीत नव्हती. बँकेच्या जुन्या कागदात पुंडलिकनं बेचाळीस साल घातलं होतं. लग्नाच्या वेळी तिच्या बापानं पोरगी चार वर्षांनी लहान सांगितली होती, त्यावरून हिशेब करून.

"खाडीचा बांध फुटला तेव्हा मी बापाच्या खांद्यावर होते," चंद्रावती म्हणाली. "त्याचे केस धरून. आमच्या कोंबड्या टोपलीसकट वाहत गेल्या त्या मी बघितल्या. तीन-चार वर्षांची असेन."

"तो बांध?" सरू म्हणाली. "तो फुटला तेव्हा आमची आये पोटुशी होती. पुढच्या उन्हाळ्यात हा झाला." तिनं पुंडलिककडे बोट केलं.

भूमिकाची पेन्सिल चालली आणि थांबली. पुंडलिकनं बायकोकडे पाहिलं.

"म्हणजे तू माझ्यापेक्षा मोठी?"

"चार वर्षं."

"आणि चौतीस वर्षं बोलली नाहीस."

"बापानं सांगितलं ते. मला कुठं कोणी विचारलं?" ती पुन्हा वालांकडे वळली. "आत्ता विचारलं, आत्ता सांगितलं."

पुंडलिकला राग यायला हवा होता असं वाटलं. पण त्याला आठवलं, की पहिल्या पगाराचं पाकीट घेऊन घरी आला तेव्हा ते कुठं ठेवायचं हे त्याला सुचत नव्हतं आणि तिनं त्याच्या हातातून घेऊन ठेवलं होतं. मोठ्या माणसासारखं. तेव्हाच समजायला हवं होतं.

धनेश मात्र हिशेबात पुढं गेला होता. "एकसष्ट," तो म्हणाला. "म्हणजे आईच आधी..." त्यानं वाक्य सोडून दिलं, पण सुटलेलं वाक्य खोलीच्या मधोमध पडून राहिलं. "मी काय म्हणतो, मग त्या आठशेचा उपयोग काय? तेवढंच म्हणतो."

चंद्रावतीनं हात पदराला पुसले.

"माझी आये, शांती, ऐंशीच्या पुढं हाय," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "परवा ओहोटीला तिसऱ्या-शिंपल्या काढायला चिखलात उतरली. तिची बहीण नव्वदला गेली, ती पण झाडावरून पडून. आमच्याकडं बाया मरत नाय लवकर, धनेश. तुमच्याकडं पुरुष राहत नाय. ह्यांचं काय व्हावं असं मी म्हणत नाय, पण मी हाय अजून वीस वर्षं. ती वीस वर्षं मी कुठं राहायचं, ते तुम्ही दोघांनी आत्ता सांगा. तुमचे बाबा बसलेत तोवर."

"आमच्याकडं, आणखी कुठं?" हरेश म्हणाला.

"आमच्याकडं," धनेश त्याच वेळी म्हणाला.

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. प्रेमानं बोलले होते दोघंही, पुंडलिकला त्यात शंका नव्हती. सरूच्या मुलांनीही हेच म्हटलं होतं, पैसे वाटून घेतले त्याच दिवशी, याच सुरात. तेव्हा पुंडलिक तिथं हजर होता आणि ऐकून त्याचे डोळे भरून आले होते.

त्यानं खुंटीवरच्या पिशवीकडे पाहिलं. मग चष्मा लावला आणि पहिल्या चौकोनात खूण केली. ती फिकट उमटली, म्हणून दुसऱ्यांदा गिरवली.

धनेश उठला. चपला घालताना त्यानं एवढंच म्हटलं, "जेवायला थांबू नका." भूमिकाचं तेराशेवीस रुपये कमिशन गेलं होतं. तिनं वही मिटली आणि पेन्सिल पर्समध्ये टाकली. मग पुंडलिकचं पेन घेऊन तीच अर्जाचे रकाने भरायला बसली. जन्मसाल बँकेत होतं तेच लिहावं लागलं, नाहीतर अर्ज परत आला असता. कागदोपत्री चंद्रावती पुन्हा आठ वर्षांनी लहान झाली. हरेशची चारची एसटी चुकली.

*

पत्नीचा अंगठा साहेबांसमोर घ्यायचा असल्यामुळे सोमवारी चंद्रावती बँकेत आली. बत्तीस वर्षांत दुसऱ्यांदा. नाथानं तिला खुर्ची पुसून दिली. रात्री धनेश उशिरा आला होता, जेवला नव्हता आणि सकाळी कोणी उठायच्या आत कारखान्यात गेला होता.

साहेबांनी अर्ज वाचत आणला आणि सोबत जोडलेल्या कागदावर थांबले. अर्जात 'कुटुंबातील व्यक्ती' असा रकाना होता आणि त्यात दोन ओळींचीच जागा होती. घरतांना ती पुरली नव्हती. भूमिकानं सुवाच्य अक्षरात स्वतंत्र कागद केला होता. नावांच्या क्रमावरून अनितानं आणि तिनं बराच वेळ घातला होता. घरात नसलेल्या धनेशचं नाव चंद्रावतीनं सगळ्यात वर घालायला लावलं, आणि सरूचं नाव घालायला लावलं तेव्हा सरू पाणी प्यायला आत निघून गेली होती.

"घरत, हे काय गाव लिहून आणलंत," साहेब म्हणाले. "कुटुंब म्हणजे बायको, आणि पंचवीसच्या आतली मुलं. बहीण तर नाहीच." त्यांनी पट्टी घेतली आणि लाल पेनानं एकेक ओळ खोडायला सुरुवात केली. ते व्यवस्थित माणूस होते. रेघ नावाच्या बरोबर मधून गेली पाहिजे, याची ते काळजी घेत होते.

"काय करतायत?" चंद्रावतीनं हळूच विचारलं.

"नावं खोडतायत."

"कोणाची?"

"आपण दोघं सोडून सगळ्यांची."

ती उठून टेबलाशी आली. तिला वाचता येत नव्हतं, पण पाच रेघा मोजता आल्या. साहेबांनी शाईचं पॅड पुढं केलं. तिनं दाखवलेल्या जागी अंगठा नीट दाबला, उचलला आणि उमटला की नाही ते वाकून पाहिलं. पोच घेऊन दोघं बाहेर आली तेव्हा अडीच वाजले होते. पुंडलिक तिला फाटकापर्यंत सोडायला आला.

"घरी विचारलं तर काय सांगायचं?" तो म्हणाला.

"अर्ज घेतला म्हणून सांगायचं."

"आणि नावं?"

चंद्रावती फाटकात थांबली. समोरून शाडूच्या गोण्यांनी भरलेली हातगाडी चालली होती.

"नावं हायत तशीच हायत," ती म्हणाली. "तुम्ही आज सुटल्यावर घरी येऊ नका, कारखान्यात जा. धनेशला सांगा, त्याचं सगळ्यात वर हाय."